कारंज्याच्या नस्तीतले पत्र

कारंज्याची टिपणी मी लिहिली. विद्यापीठात कोणतीही वस्तू अगोदर कागदावर उभी राहते, नंतर जमिनीवर. त्यामुळे ते कारंजे कोणी उभारले असे कोणी विचारले, तर यादीत मला वर घ्यावे लागेल. विद्यापीठ नांदेडच्या बाजूचे. याहून अधिक ओळख देण्याचे कारण नाही. मी तेथे सामान्य प्रशासन विभागात कक्ष अधिकारी होतो. ज्या कुलसचिवांच्या स्मरणार्थ ते कारंजे झाले, ते सहायक कुलसचिव होते तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली होतो. एकूण अठरा वर्षे.

ते मूळचे औशाजवळच्या एका गावाचे, लिंगायत, घर लातुरात. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे बिऱ्हाड लातूरला आणि हे एकटे विद्यापीठाच्या निवासस्थानात. शनिवारी दुपारच्या एसटीने जात, सोमवारी कार्यालय उघडण्यापूर्वी परत येत. गाडी मिळण्याचा अधिकार होता. खासगी कामाला ती घेतल्याचे मला आठवत नाही.

पाण्याच्या बाबतीत ते कठोर होते. एका टंचाईच्या वर्षी त्यांनी बैठकांमध्ये पेले अर्धेच भरावेत असे परिपत्रक काढले. मसुदा माझा होता. त्यावरून विद्यापीठात त्यांना ‘अर्धा पेला’ हे नाव पडले. एक ज्येष्ठ प्राध्यापक भर बैठकीत म्हणाले, “कुलसचिव, विषयपत्रिकाही अर्धीच वाचायची का?” सगळे हसले. हे म्हणाले, “पूर्ण वाचा. पाणी लागलेच, तर पुन्हा मागा.” त्याच वर्षी त्यांनी मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीचे पाणी तोडले. हिरवळ पंधरा दिवसांत पिवळी पडली आणि महिन्यात तिची माती झाली. विद्यापीठाची शोभा गेली अशी तक्रार आली. त्यांनी तीवर लिहिले, ‘शोभेला आंघोळ लागत नाही. मुलींच्या वसतिगृहाला लागते.’ त्या उन्हाळ्यात ते रोज सकाळी वसतिगृहावर जात आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकेक नळ स्वतः उघडून पाहत. ज्या मजल्यावर धार येत नसे, तेथे टँकरचे पाणी चढवून होईपर्यंत जिन्यावर उभे राहत.

ते गेले तेव्हा सेवेत होते. हृदयविकाराचा झटका, नांदेडचे रुग्णालय, दोन दिवस. अंत्यविधी औशाच्या शेतात झाला. त्यांच्या समाजात दहन करीत नाहीत, बसवून पुरतात. मी खड्ड्याच्या काठाशी उभा होतो. त्यांना पद्मासनात बसवले होते, कपाळावर विभूतीचे पट्टे होते, मान सरळ राहावी म्हणून मागून आधार दिला होता. अठरा वर्षे मी त्यांना टेबलापलीकडे बसलेलेच पाहिले होते. मी एक मूठ माती टाकली आणि नांदेडला परतलो. दुसऱ्या दिवशी कार्यालय होते.

पुढच्या आठवड्यात कुलगुरूंनी बैठक घेतली. कुलगुरू नवीन होते. त्यांनी मयतासोबत चार महिने काम केले होते. स्मारक म्हणून कारंजे करावे असे त्यांनी सुचवले. मुख्य इमारतीसमोर मोकळी जागा आहेच, तेथे शोभेल. ती जागा मोकळी का होती, हे बैठकीतल्या निम्म्या लोकांना माहीत होते. कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही. मी इतिवृत्त लिहिण्यासाठी बसत असे.

कुलगुरू मला म्हणाले, “तुम्ही त्यांच्या जवळचे. घरी जाऊन अस्थी घेऊन या. थोड्या कारंज्याच्या पायात ठेवू.”

“साहेब, त्यांच्यात दहन नसते. अस्थी नाहीत.”

ते थोडे गोंधळले. “मग समाधीची माती आणा. कलशात. तेही चालते.”

चालते की नाही, हे मला माहीत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला पोहोचायला साडेअकरा झाले.

घराचे दार उघडे होते आणि अंगणात पाईप पसरलेला होता. त्या दिवशी नळाचा दिवस होता. त्या भागात तेव्हा आठव्या दिवशी पाणी येत असे, आणि यायची वेळ सांगून येत नसे. वहिनी पदर खोचून पिंपे विसळत होत्या. पती जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते. मला पाहून त्या म्हणाल्या, “भावजी, बरं आलात. तेवढा पाईप धरा, मी आतलं पिंप ओढते.”

मी बॅग ओट्यावर ठेवली आणि पाईप धरला. एक निळे पिंप, एक काळे, दोन पत्र्याची, घागरी वेगळ्या. पाण्याला जोर नव्हता. मी पाईप धरूनच विषय काढला, कारण पाणी गेल्यावर काढला असता तर अधिक अवघड झाले असते.

“विद्यापीठ साहेबांचे स्मारक करणार आहे.”

“कशाचं?”

“कारंजे.”

त्या थांबल्या. “उडतं ते?”

“होय.”

“यांच्या नावानं?”

“होय. समाधीची थोडी माती हवी आहे. पायात ठेवण्यासाठी.”

“ते भरलं बघा. दुसऱ्यात टाका पाईप.” मी टाकला. त्या म्हणाल्या, “तिथं आमचं शेत हाय. माती शेतात राहू द्या. आन् हे कुणाच्या डोक्यातनं आलं वो? तुमच्या?”

“नाही. कुलगुरूंच्या.”

“तुम्ही काय म्हणलात?”

मी पाईप पिंपात आणखी खाली सारला.

“काहीच न्हाई म्हणलात,” त्या म्हणाल्या. “हे घरी आल्यावर सांगायचे, आमचा अधिकारी लई हुशार, पण बोलायचं असलं की लिहायला बसतो.”

पाणी आणखी वीस मिनिटे आले आणि गेले. एक घागर रिकामी राहिली. त्यांनी हात पुसले, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत शाळेच्या वहीतला कागद काढून पत्र लिहिले. अक्षर शिक्षकी, सुटे, एकही खाडाखोड नाही. चार वाक्ये होती. पतीच्या नावाने पाणी उडवू नये. काही करायचेच असेल, तर मुलींच्या वसतिगृहाला पाण्याची मोठी टाकी द्यावी. तीवर नाव नसले तरी चालेल. तेही जमत नसेल, तर काहीच करू नये, घरच्यांचा राग नाही.

“साहेबांपुढं ठेवताल ना?”

“ठेवतो.”

“तुम्ही ठेवतो म्हणलात म्हणजे ठेवलं. यांचा तुमच्यावर तेवढा भरवसा होता.” मग घडी घालता घालता म्हणाल्या, “मला दुसरं काही नको भावजी. एवढं एक होऊ देऊ नका.”

मी पत्र ठेवले. हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. आवक नोंदवहीत चढवले, कारंज्याच्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, लावले, त्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि नस्ती हातात घेऊन कुलगुरूंच्या दालनात गेलो. त्यांनी पत्र उभ्यानेच वाचले.

“दुःखात आहेत,” ते म्हणाले. “दुःखात माणूस असे लिहितो. उद्घाटनाला दोन महिन्यांनंतरची पाहुण्यांची तारीख मिळाली आहे.”

“पत्रावर काय करू?”

“तुम्ही बघा.”

त्यांनी पेन उचलले नाही. नस्ती माझ्याकडे सरकवली.

मयत कुलसचिवांनी मला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली होती. तोंडी आदेशावर काम करायचे नाही. स्वतः त्यांनी सांगितले तरी करायचे नाही. वरिष्ठ लिहीत नसेल, तर त्याने सांगितलेले जसेच्या तसे आपण लिहायचे आणि सही घेण्यासाठी पुन्हा त्याच्यापुढे ठेवायचे. त्या दिवशी मी तसे करू शकलो असतो. ‘मा. कुलगुरूंनी पत्र पाहिले, मागणी अमान्य केली’ एवढे लिहून सहीसाठी पाठवायचे होते. त्यांना सही करावी लागली असती किंवा विचार बदलावा लागला असता. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे त्याच दालनातून जाणार होती. मी आपल्या जागी येऊन बसलो आणि पत्राच्या डाव्या समासात दोन शब्द लिहिले: दप्तरी दाखल.

कार्यालयाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. या दोन शब्दांचा अर्थ, पत्र पाहिले, त्यावर काही करायचे नाही, ते आता दप्तरात पडून राहील. मी असे शेरे हजारो कागदांवर मारले असतील. खाली लघुस्वाक्षरी केली, तारीख टाकली.

भूमिपूजनाला तांब्याचा कलश भरलेला होता. त्यात माती कोठली, हे मी विचारले नाही. पंप सांभाळणाऱ्या माळ्याने आपणहून सांगितले, “रोपवाटिकेतली हाय साहेब. खत मिसळलेली. काळी दिसाय पायजे मनले.” कुलगुरूंनी ती दोन्ही हातांनी पायाच्या खड्ड्यात सोडली. छायाचित्रे निघाली.

कारंजे दोन महिन्यांत झाले. गोल हौद, मध्ये दगडी कमळ, कडेने रंगीत दिवे, समोर काळ्या दगडावर नाव, पद आणि ‘यांच्या पुण्यस्मरणार्थ’. उद्घाटनाला पहिल्या रांगेत एक खुर्ची वहिनींसाठी ठेवली होती आणि तिच्यावर शाल व श्रीफळ. त्या आल्या नाहीत. प्रकृतीच्या कारणास्तव येऊ शकल्या नाहीत, असे निवेदकाने सांगितले. ते वाक्यही माझ्या मसुद्यातले होते. पाहुण्यांनी कळ दाबली, पाणी वर गेले, वाऱ्याने ते पहिल्या दोन रांगांवर आले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माळी माझ्या शेजारी उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब असते तर पंप काढून नेला असता.”

तीन महिन्यांनी टपालात एक लांब पाकीट आले. माहितीच्या अधिकारातला अर्ज होता. अर्जदार वहिनी. अक्षर तेच, सुटे. मागितलेली माहिती तीन मुद्द्यांत होती. त्यांच्या पत्राचा आवक क्रमांक व दिनांक. त्या पत्रावर कोणत्या अधिकाऱ्याने काय निर्णय घेतला. संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती. इतकी वर्षे कुलसचिवाशी संसार केलेल्या बाईला कोठे बोट ठेवायचे हे माहीत होते.

विभागाचा जन माहिती अधिकारी मीच होतो. म्हणजे उत्तर देणारा मी, प्रती काढणारा मी, आणि ज्याच्याबद्दल विचारले होते तोही मी.

नियमाप्रमाणे मी ही बाब कुलगुरूंच्या कानावर घातली. ते म्हणाले, “जुना कागद आहे. सापडतोच असे नाही.”

कागद पाच महिन्यांचा होता आणि माझ्या कपाटात होता. ‘सदर कागद अभिलेखात आढळून येत नाही’ हे वाक्य मला पाठ आहे. ते मी पूर्वी वापरलेले आहे, आणि दर वेळी ते खरे होते असे मी म्हणणार नाही. या वेळीही लिहायला बसलो. ‘सदर कागद’ एवढे लिहून झाले. मग तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. कारण मोठे नव्हते. वहिनी ते वाक्य वाचतील आणि ते खोटे आहे हे त्यांना तत्क्षणी कळेल, एवढेच कारण होते.

दुसऱ्या मुद्द्यापुढे मी लिहिले, ‘निर्णय: दप्तरी दाखल. निर्णय घेणारे अधिकारी: कक्ष अधिकारी, सामान्य प्रशासन.’ पत्राची छायाप्रत काढली. समासातला माझा शेरा मूळ कागदापेक्षा प्रतीत अधिक काळा उठला होता. त्यावर ‘सत्यप्रत’ हा शिक्का मारला आणि त्याखाली पूर्ण सही केली. एकाच पानावर माझ्या दोन सह्या झाल्या. नोंदणीकृत टपालाने पाठवले. आठ दिवसांत वहिनींच्या सहीची पोचपावती परत आली.

उत्तराने समाधान न झाल्यास अर्जदाराला तीस दिवसांत अपील करता येते. अपील कुलसचिवांकडे चालते. नवे कुलसचिव रुजू झाले होते आणि त्याच दालनात, त्याच टेबलामागे बसत होते. सुनावणीत माहिती अधिकाऱ्याला उभे राहून खुलासा द्यावा लागतो. मी खुलासा तयार केला. तो खरा होता, कुलगुरूंच्या ‘तुम्ही बघा’सकट. तीस दिवस रोज टपाल मी स्वतः उघडले. अपील आले नाही. खुलासा टेबलाच्या खणात राहिला.

वहिनी उन्हाळ्यात आल्या. पूर्वसूचना नव्हती. माळी धावत माझ्या खोलीत आला. “साहेब, लातूरच्या बाई आल्यात. कारंज्यापशी उभ्या हायत.”

त्या वर्षी विद्यापीठाला पाणी पुरवणारा तलाव लवकर आटला होता आणि मुलींच्या वसतिगृहाचे नळ आठवडाभर कोरडे होते. कारंजे बंद होते, परंतु हौद भरलेला होता. हौदातले पाणी तेच ते फिरवायचे असते, म्हणून ते एकदा टँकरने भरून ठेवले होते. मी बाहेर आलो तेव्हा आठ-दहा मुली हौदातून बादल्या भरत होत्या. कपडे धुण्यापुरते, संडासापुरते पाणी. कडेला सुरक्षारक्षक काठी आपटत होता.

“ओ पोरींनो, व्हा बाजूला! स्मारक हाय ते. पायताणं घालून चढून राहिल्यात, लाज हाय का?”

“काका, तुम्ही आणून द्या मग पाणी,” एक मुलगी म्हणाली. “तिसऱ्या मजल्यावर. चार बादल्या.”

“मी काय भिस्ती हाय का?”

“मग ओरडू नका. आठवडा झाला, तोंड धुवायला पण नाही.”

रक्षकाने तिच्या बादलीला हात घातला. वहिनी पुढे झाल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. त्यांनी दगडावरच्या नावाकडे बोट केले.

“हे नाव वाचता येतं का तुम्हाला?”

“येतंय की.”

“मी त्यांची बायको. भरू द्या पोरींना.”

रक्षकाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने बादली सोडली. मुलींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा वाकल्या. हौदातले पाणी हिरवट झाले होते. वहिनी शेवटची मुलगी जाईपर्यंत तेथे उभ्या राहिल्या. मी दोन पावलांवर उभा होतो.

मी म्हणालो, “कार्यालयात चला. चहा घ्या.”

“नको. तीनची गाडी हाय.”

मी फाटकापर्यंत त्यांच्यासोबत चाललो. अंतर बरेच आहे आणि सावली नाही. निम्म्या वाटेत त्या बोलल्या.

“अपील करायचं ठरवलं होतं मी. लिहून ठेवलं होतं.”

“मला वाटलेच होते.”

“मग डोळ्यापुढं आलं. यांची खोली, यांचं टेबल, आन् त्याच्यापुढं तुम्ही खाली मान घालून उभे. नको वाटलं. फाडून टाकलं.”

“वहिनी, माझी चूक झाली.”

त्या थांबल्या. आवाज चढला नाही. “चूक न्हाई भावजी. न बघता होती ती चूक. तुम्ही वाचलं होतं. माझ्या घरी पाईप धरून उभं राहिल्यावर वाचलं होतं.”

फाटकाशी रिक्षा होती. बसताना त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “नाव काढता येत न्हाई ते मला माहीत हाय. पोरींना हाकलू देऊ नका. तेवढं तरी बघा.”

रिक्षा बसस्थानकाकडे गेली. मी परत चालत आलो.

पाचव्या दिवशी हौदाभोवती लोखंडी कठडा घालण्याचा प्रस्ताव मागवण्यात आला. मी टिपणीत कारण होते तसे लिहिले: वसतिगृहात पाणी नसल्याने विद्यार्थिनी हौदातील पाणी नेतात, कठड्याऐवजी वसतिगृहास टाकी द्यावी, दिवंगत कुलसचिवांच्या कुटुंबीयांची लेखी मागणी नस्तीच्या अमुक पानावर आहे. पूर्ण सही केली. ती टिपणी माझ्याकडे परत आली नाही. स्थापत्य विभागाने आपली स्वतंत्र टिपणी सादर केली, कारण ‘स्मारकाचे पावित्र्य’, आणि आठवड्यात कठडा बसला. छातीइतका उंच, वर टोके. मुली बादलीला दोर बांधून वरून सोडू लागल्या. मी रक्षकाला बोलावून सांगितले की कोणाला अडवायचे नाही. तो म्हणाला, “लेखी द्या साहेब.” मी लेखी दिले. चार दिवस ते चालले. मग एका सकाळी हौद रिकामा करण्यात आला. डास होतात, असे कारण होते. तो पुन्हा भरला नाही. पाऊस झाला तरी भरला नाही, कारण तोवर पंप जळला होता.

माझ्या विरोधात काही कारवाई झाली नाही. निवृत्तिवेतन वेळेवर सुरू झाले. शेवटच्या दिवशी खुर्ची सोडण्यापूर्वी मी लातूरला दूरध्वनी लावला. वहिनींच्या पत्रातली पहिली मागणी, पाणी उडवू नये ही, पूर्ण झाली होती. कोणी मान्य न करता पूर्ण झाली होती. अर्जदाराला परिणाम कळवणे हे माझे काम होते.

“कारंजे बंद पडले आहे,” मी म्हणालो. “हौद कोरडा आहे. पुन्हा सुरू होईल असे दिसत नाही.”

पलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज आला.

“आन् पोरींचं?”

“टाकी झाली नाही. टँकर येतो. एक दिवसाआड. तिसऱ्या मजल्यावर पोहोचत नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.